‘कॅरी’मध्ये सगळे खरंच हसले होते का?

‘कॅरी’ हा भयपट पाहिलेल्या कुणालाही विचारा, शेवटी काय होतं? उत्तर साधारण असं येतं: शाळेच्या समारंभात तिच्या अंगावर डुकराच्या रक्ताची बादली ओततात, सगळा हॉल तिला हसतो आणि मग ती सगळ्यांना जाळून टाकते. यातला मधला भाग खरा नाही. सगळा हॉल हसत नाही. बादली उलटते तेव्हा चित्रपटातला गोंगाट विरून जातो आणि समोरचे बरेचसे चेहरे थिजलेले दिसतात. हसायला सुरुवात करते ती नॉर्मा, कॅरीला आधीपासून छळणाऱ्या टोळक्यातली. सगळेच्या सगळे खदाखदा हसताना दिसतात ते त्यानंतर, आणि ते कॅरीच्या नजरेतून.

ब्रायन डी पाल्माचा हा चित्रपट १९७६ चा. भयपट म्हणून त्याच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, पण एखाद्या मुलीचा शाळेत छळ होतो तेव्हा नेमकं काय काय घडत असतं, हे त्याने किती बारकाईने दाखवलंय याकडे कमी लक्ष जातं. चित्रपट आला तेव्हा या विषयाचा शास्त्रीय अभ्यास नुकता सुरू झाला होता. पुढच्या काही दशकांत संशोधकांनी जे शोधून काढलं, त्यातलं बरंचसं या दीड तासात आधीच दिसतं. ते समजून घ्यायचं तर गोष्ट थोडक्यात सांगावी लागेल, शेवटासकट.

कॅरी व्हाइट शाळेच्या शेवटच्या टप्प्यात आहे. एकटी, खाली मान घालून चालणारी. घरी आई आहे, धर्मवेडाने पछाडलेली. ती शिक्षा म्हणून मुलीला छोट्या अंधाऱ्या खोलीत कोंडून प्रार्थना करायला लावते. एक दिवस शाळेत, खेळाच्या तासानंतर शॉवरखाली असताना कॅरीला पहिल्यांदा पाळी येते. पाळी म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. आपण मरतोय असं वाटून ती रक्ताळलेल्या हातांनी मैत्रिणींकडे धावते, आणि त्या तिच्यावर टॅम्पॉन आणि पॅड फेकत ताल धरून ओरडत सुटतात. शिक्षिका मिस कॉलिन्स या मुलींना शिक्षा करतात. सू नावाच्या मुलीला पश्चात्ताप होतो. ती आपल्या मित्राला, टॉमीला, गळ घालते की या वर्षी प्रॉमला तू कॅरीला घेऊन जा. प्रॉम म्हणजे शाळा संपत आली की होणारा नाचगाण्याचा मोठा समारंभ. जोडीने जायचं, ठेवणीतले कपडे घालायचे, मतदान करून त्या रात्रीचे राजा-राणी निवडायचे. क्रिस नावाची मुलगी शिक्षा अर्धवट टाकते म्हणून तिला प्रॉमची बंदी होते. ती बदला घ्यायचं ठरवते. मतपत्रिका बदलल्या जातात, कॅरी राणी होते, आणि स्टेजवर तिच्या डोक्यावर बादली टांगलेली असते. कॅरीकडे मनाच्या जोरावर वस्तू हलवण्याची शक्ती आहे, हे एव्हाना आपल्याला कळलेलं असतं.

ही मुलगी आली कुठून? स्टीफन किंगची ‘कॅरी’ ही पहिली प्रकाशित कादंबरी, १९७४ ची. तेव्हा तो अमेरिकेतल्या मेन राज्यात शाळेत इंग्रजी शिकवायचा, पैशांची कायम ओढाताण. लिहिलेली पहिली पानं त्याने कचऱ्यात टाकली होती. बायकोने, टॅबिथाने, ती उचलून वाचली आणि पुढे लिही म्हणून सांगितलं. कॅरीचं पात्र त्याने आपल्याच शाळेतल्या दोन मुलींवरून घेतलं. दोघीही तोवर या जगात नव्हत्या. त्यातल्या एकीबद्दल त्याने आठवणींत लिहिलंय ते वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. ती मुलगी रोज तेच कपडे घालून यायची, म्हणून तिची टिंगल व्हायची. एकदा नाताळच्या सुट्टीनंतर ती नवे कपडे घालून, केस नीट करून आली. टिंगल थांबली नाही, उलट वाढली. कारण कपडे हे नुसतं निमित्त होतं. वर्गाने तिची एक जागा ठरवून टाकली होती आणि तिथून ती हलणं वर्गाला मंजूर नव्हतं. कॅरीच्या प्रॉमची सगळी गोष्ट या एका आठवणीत आहे.

आता अभ्यासक काय म्हणतात ते पाहू. शाळेतल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास पहिल्यांदा केला तो डॅन ओल्व्हेउस या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने. त्याचं या विषयावरचं पुस्तक स्वीडिशमध्ये १९७३ साली आलं, इंग्रजीत १९७८ साली. ‘कॅरी’ची कादंबरी आणि चित्रपट बरोबर या दोन वर्षांच्या मधे येतात. पुढे नॉर्वेमध्ये तीन मुलांनी आत्महत्या केल्यावर सरकारने १९८३ साली देशभर मोहीम सुरू केली, तिच्यामागे ओल्व्हेउसचंच काम होतं. त्याची व्याख्या आजही वापरतात. साध्या भांडणाला छळ म्हणत नाहीत. छळ म्हणायचा तर तीन गोष्टी लागतात: दुखवण्याचा हेतू, तेच पुन्हापुन्हा घडणं, आणि दोन बाजूंच्या ताकदीत फरक. हा फरक अंगातल्या बळाचाच असेल असं नाही. एकीच्या मागे दहा जणी आणि दुसरीच्या मागे कुणीच नाही, हाही ताकदीतलाच फरक.

मात्र ही व्याख्या दोनच माणसं पाहते, छळणारा आणि छळला जाणारा. वर्गात तर तीस जण असतात. बाकीचे काय करत असतात? हा प्रश्न फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिव्हाली आणि तिच्या सहकाऱ्यांनी विचारला. १९९६ च्या त्यांच्या अभ्यासात असं दिसलं की वर्गातल्या बहुतेक मुलांना यात काही ना काही भूमिका असते. कुणी पुढाकार घेतो. कुणी त्याला हात लावतो. कुणी स्वतः काही करत नाही, पण हसून, ‘अजून, अजून’ करून हुरूप देतो. कुणी बाजूला सरकतो आणि काही पाहिलंच नाही असं वागतो. आणि मोजके जण मधे पडतात.

हे डोक्यात ठेवून ‘कॅरी’ पाहिला की पात्रं वेगळीच दिसायला लागतात. पुढाकार क्रिसचा. तिचा मित्र बिली (हा तरुण जॉन ट्रॅव्होल्टा) डुकराला घण घालतो, तो हात लावणारा. नॉर्मा, सतत लाल टोपीत असणारी, अगदी प्रॉमलाही ती टोपी न काढणारी, दोन्हीकडे आहे: मतपत्रिकाही तीच बदलते आणि पहिलं हसूही तिचंच. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सू. शॉवरच्या प्रसंगात ती मागे उभी राहून पाहत नाही, सगळ्यांबरोबर फेकणाऱ्यांत असते. चांगल्या घरातली, समंजस मुलगी. नंतर तिला स्वतःची लाज वाटते. ही भूमिका बदलणं फार खरं आहे. कुणी जन्मभराचा बघ्या नसतो आणि कुणी जन्मभराचा छळणाराही नसतो. त्या त्या क्षणी जमाव ज्या बाजूला झुकतो त्या बाजूला माणूस जातो, आणि घरी गेल्यावर मग विचार करतो.

मोठी माणसंही यातून सुटत नाहीत, आणि इथे चित्रपट फार धारदार आहे. मुख्याध्यापक कॅरीला समोर बसवून सहानुभूती दाखवतात आणि पुन्हापुन्हा तिला ‘कॅसी’ म्हणतात. तिसऱ्यांदा-चौथ्यांदा ती ओरडून आपलं नाव सांगते आणि टेबलावरचा ॲशट्रे उडून खाली पडतो. इंग्रजीच्या वर्गात टॉमीची कविता वाचून दाखवली जाते. कॅरी हळूच म्हणते, सुंदर आहे. शिक्षक तिची नक्कल करतात आणि वर्ग हसतो. दहा सेकंदांचा प्रसंग, पण शिक्षकाने हसायची परवानगी दिली की वर्गाला आणखी काय हवं? आणि मिस कॉलिन्स, कॅरीच्या बाजूने उभी राहणारी एकमेव शिक्षिका, तीसुद्धा शॉवरमध्ये आधी कॅरीच्याच थोबाडीत मारते. पुढे क्रिसच्याही. मारून माणूस सरळ होतो, ही समजूत या शाळेत वरपासून खालपर्यंत आहे.

घराचं काय? आई मार्गारेट मुलीला पाळीबद्दल सांगत नाही, कारण तिच्या लेखी ते पापाचं फळ. मुलगी पापी नसती तर रक्त आलंच नसतं, असं ती मानते. म्हणजे ज्या माहितीअभावी मुलीची शाळेत विटंबना झाली, तीच माहिती मागितल्यावर घरी शिक्षा. छळाचा अभ्यास करणारे सांगतात की बऱ्याच मुलांच्या वाट्याला असं दोन्हीकडून येतं, आणि जिथे सुटका मिळावी ती जागाच नसणं हे सगळ्यात वाईट. पायपर लॉरी या अभिनेत्रीने ही आई केली. ती पंधरा वर्षं चित्रपटांपासून दूर होती. सिसी स्पेसेकला कॅरीसाठी आणि लॉरीला मार्गारेटसाठी, दोघींनाही ऑस्करचं नामांकन मिळालं. भयपटाच्या वाट्याला हे क्वचितच येतं.

स्पेसेक तेव्हा २६ वर्षांची होती आणि पडद्यावर क्षणभरही तसं वाटत नाही. गुस्ताव्ह दोरेची बायबलमधल्या प्रसंगांची चित्रं तिने अभ्यासली होती, विशेषतः दगड मारले जात असलेल्या माणसांच्या अंगाचे आविर्भाव. एकदा हे कळलं की तिचे आत ओढलेले खांदे आणि अंगाशी घट्ट धरलेले हात वेगळे दिसतात. पुढचा दगड कुठून येईल हे माहीत नसलेल्या माणसाचं ते अंग आहे.

आता प्रॉमची रात्र. इथे डी पाल्माने जे केलंय ते समजायला हिचकॉक या रहस्यपटांच्या दिग्दर्शकाचा एक प्रसिद्ध दाखला लागतो. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि प्रेक्षकाला ते माहीत नाही: स्फोट झाला की धक्का बसतो, काही सेकंदांपुरता. प्रेक्षकाला बॉम्ब आधीच दाखवला आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारतायत: मग तोच वेळ असह्य होतो. डी पाल्मा हिचकॉकचा निस्सीम चाहता. चित्रपटातल्या शाळेचं नावही त्याने हिचकॉकच्या ‘सायको’ या चित्रपटातल्या खुनी नॉर्मन बेट्सवरून ‘बेट्स हाय’ ठेवलंय. तर तो एका लांबलचक शॉटमध्ये आपल्याला सगळं दाखवून टाकतो. मतपत्रिका गोळा करत फिरणारी नॉर्मा, स्टेजखाली लपलेले क्रिस आणि बिली, त्यांच्या हातातली दोरी, ती दोरी कुठून कुठे वर जाते, आणि टोकाला बादली. कट नाही. म्हणजे ही सगळी माणसं एकाच छताखाली, एकाच क्षणी आहेत, आणि कॅरी आनंदात आहे.

त्यानंतर तो वेळ ताणतो. स्टेजपर्यंतचं कॅरीचं चालणं स्लो मोशनमध्ये, पिनो डोनाजिओचं गोड संगीत, टाळ्या. आपल्याला ओरडावंसं वाटतं. माझ्या मते हा चित्रपटातला सगळ्यात मोठा विचार आहे, आणि तो संवादात कुठेच नाही. डी पाल्मा आपल्यालाच बघ्या बनवतो. काय होणार हे माहीत आहे, थांबवावंसं वाटतंय, आणि खुर्चीतून काहीच करता येत नाही. वर्गातल्या बाजूला सरकणाऱ्या मुलाला जे वाटतं ते असंच काहीसं असतं. फरक इतकाच की त्याला काहीतरी करता आलं असतं.

टोरोंटोमधल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावरच्या मुलांचं चित्रीकरण करून हे मोजलंय. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मधे पडली ती १९ टक्के प्रसंगांत. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के, छळ दहा सेकंदांत थांबला. म्हणजे मधे पडल्याने काही होत नाही असं नाही. मधे पडणंच कमी होतं, कारण प्रत्येक जण इतरांकडे पाहतो आणि इतर गप्प आहेत म्हणजे त्यांना हे चालतंय असं धरून चालतो. आतून मात्र त्यातल्या अनेकांना ते नकोसं असतं.

चित्रपटात एक जण मधे पडते. सू हॉलमध्ये येते, दोरी हलताना पाहते, तिचा माग काढत स्टेजकडे जाते. आणि तिला अडवतं कोण? मिस कॉलिन्स. त्यांना वाटतं, ही कॅरीचा आनंद बिघडवायला आली. त्या सूला धरून बाहेर काढतात आणि दार लावून घेतात. कॅरीचं भलं चिंतणाऱ्या दोघीजणी, आणि दोघींचा एकमेकींवर विश्वास नाही, कारण सू आधी काय होती हे बाईंनी पाहिलंय. सूची चांगुलपणाची कल्पनाही अर्धीच होती हे मला पुन्हा पाहताना जाणवलं. तिने टॉमीला तयार केलं, सगळं परस्पर ठरवलं. कॅरीशी ती बोललीच नाही, तिची माफी मागितली नाही. कॅरीला शेवटपर्यंत ठाऊक नाही की वर्गातली एक मुलगी तिच्या बाजूची आहे.

आणि मग बादली. मग ते हसू.

कॅरी समोर पाहते तेव्हा पडदा शोभादर्शकासारखा तुटतो, एकेका चेहऱ्याचे अनेक चेहरे होतात. सगळे हसतायत. मिस कॉलिन्ससुद्धा. कानात आवाज घुमतात: आईचं ‘सगळे तुला हसतील’, मुख्याध्यापकांचं ‘कॅसी’, शॉवरमधलं ते ओरडणं, मिस कॉलिन्सचं ‘माझ्यावर विश्वास ठेव’. यातला एकही आवाज त्या क्षणी हॉलमधला नाही. सगळे आधीचे आहेत. डी पाल्मा आपल्याला हॉल दाखवत नाही, कॅरीच्या डोक्यात साठलेलं सगळं दाखवतो.

मानसशास्त्रात याच्या जवळ जाणारी एक कल्पना आहे. अमेरिकन संशोधक केनेथ डॉज याने १९८० साली मुलांवर प्रयोग केला. समोरच्याचा हेतू स्पष्ट नाही अशी परिस्थिती उभी केली: आपलं काहीतरी बिघडलं, पण मुद्दाम की चुकून हे कळत नाही. मारकुट्या म्हणून ओळखली जाणारी मुलं ‘मुद्दाम केलं’ असं धरून चालण्याकडे जास्त झुकली. त्याने आणि सहकाऱ्यांनी १९९० साली पुढचा धागा दाखवला: घरी ज्या लहान मुलांना मार बसलाय, त्यांच्यात समोरच्याच्या वागण्याकडे पाहण्याची ही पद्धत जास्त आढळते. हा त्या मुलांचा मूर्खपणा नाही. जिथे खरोखरच दर वेळी दगड येतो, तिथे प्रत्येक हाललेला हात दगड मारणारा वाटणं हे शहाणपणाचंच आहे. अडचण होते ती परिस्थिती बदलल्यावर. एखादा हात मदतीला पुढे येतो आणि तो ओळखूच येत नाही.

म्हणून कॅरी मिस कॉलिन्सनाही मारते. कादंबरीत ही शिक्षिका, तिथे तिचं नाव वेगळं आहे, जिवंत राहते. चित्रपटात बास्केटबॉलचा बोर्ड कोसळून तिचा जीव जातो. हा बदल मला क्रूर वाटायचा. आता मला तो चित्रपटाचा गाभा वाटतो. चांगल्या-वाईटाची निवड करायला लागणारी नजरच कॅरीकडून काढून घेतली गेलीय, आणि ती हॉलमधल्याच माणसांनी वर्षानुवर्षं थोडी थोडी काढून घेतलीय. विध्वंसाच्या वेळी पडदा मधोमध दुभंगतो, एकीकडे तिचे विस्फारलेले डोळे, दुसरीकडे ते ज्यावर पडतात ते. डी पाल्मा नंतर म्हणाला की धावपळीच्या प्रसंगाला ही पद्धत तितकी मानवत नाही. मला ती इथे अगदी योग्य वाटते, कारण पाहणं आणि मारणं इथे एकच झालंय.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. छळ झालेलं मूल असं पेटून उठतं, हे पडद्यावरचं. प्रत्यक्षात बहुतेक मुलं कुणालाही इजा करत नाहीत. त्रास आतच मुरतो, आणि फार काळ मुरतो. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा केला जातोय. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांचा सात आणि अकरा वर्षांच्या वयात वारंवार छळ झाला होता, त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. चाळीस वर्षांनंतर! त्यामुळे कॅरीला धोक्याची घंटा समजणं, म्हणजे गप्प मुलांकडे संशयाने पाहणं, हा या चित्रपटाचा सगळ्यात चुकीचा अर्थ. अशा मुलाला आणखी एक संशयी नजर कशाला हवी?

चित्रपटात खटकणारंही आहे. सुरुवातीला मुलींच्या लॉकर रूममधून कॅमेरा ज्या लाडिक संथपणे फिरतो तो आज पाहताना अवघडायला होतं. काही समीक्षकांनी म्हटलंय की ही मऊ, धूसर दृश्यं मुद्दाम आहेत, पुढचं रक्त जास्त बोचावं म्हणून. मला हे पूर्ण पटत नाही. तोच परिणाम मुलींच्या अंगावरून इतका वेळ नजर न फिरवताही साधला असता.

२०१३ साली किंबर्ली पीअर्स या दिग्दर्शिकेने ‘कॅरी’ पुन्हा केला, क्लोई ग्रेस मोरेट्झला घेऊन. त्यातली लॉकर रूम त्या नजरेतून पाहिलेली नाही, ही जमेची बाजू. त्यात क्रिस शॉवरचा प्रसंग मोबाइलवर टिपून इंटरनेटवर टाकते, आणि प्रॉमच्या रात्री बादलीनंतर तोच व्हिडिओ मोठ्या पडद्यांवर लावला जातो. काळाला धरूनच आहे हे. ओल्व्हेउसच्या व्याख्येतलं ‘पुन्हापुन्हा’ आता एका व्हिडिओने साधतं. पण या बदलात एक गोष्ट हातची गेली. तिथे हॉलमधले काही जण खरोखर त्या व्हिडिओला हसतात, आणि कॅरीने पाहिलं ते आणि घडलं ते यातलं अंतर मिटून जातं. १९७६ च्या चित्रपटात ते अंतर शिल्लक आहे, म्हणून पुन्हा पाहायचा तर तोच पाहावा, आणि बादली पडल्यानंतर कॅरीऐवजी हॉलमधल्या चेहऱ्यांकडे लक्ष द्यावं.